डॅलसला बास, नागपूरला मरळ: पहिला रॉड आणि रीळ कोणतं घ्यावं?

निवृत्त_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. वय ६३, वीज खात्यातून निवृत्त, मुक्काम त्रिमूर्ती नगर. मुलगी डॅलसच्या बाजूला असते. मार्चच्या शेवटी मी आणि सौ. तीन महिन्यांसाठी तिच्याकडे चाललो आहोत. जावयांना मासे पकडायचा भारी नाद. त्यांच्या घराजवळ तळं आहे, त्यात बास नावाचा मासा असतो म्हणे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आठ वर्षांच्या नातवानं विचारलं, "आबा, तुला कास्टिंग येतं का?" मी म्हटलं, येतं की. आता बसलोय निस्तरत.

मला येतं ते पन्नास वर्षांपूर्वीचं. अंबाझरी तलावाच्या काठावर बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा आणि गळाला गांडूळ. धांडा बुडाला की काठी उचलायची. बोटभर मासे मिळायचे, आई ते घरात येऊ द्यायची नाही, म्हणून शेजारच्या मांजरीला. रीळ ही वस्तू मी आजवर हातात धरलेली नाही.

जावयांनी यादी पाठवली. सात फुटी मीडियम हेवी फास्ट अ‍ॅक्शन बेटकास्टिंग रॉड, ७.३:१ गिअरचं रीळ, १५ पौंडी फ्लुरोकार्बन, स्पिनरबेट, क्रँकबेट, चॅटरबेट, टेक्सास रिगचं सामान, ड्रॉप शॉटचं सामान. जन्मभर सबस्टेशनचे नकाशे वाचले, पण ही यादी तीनदा वाचूनही काही उजेड पडला नाही.

इथल्या एका दुकानात गेलो. त्यानं २,२०० रुपयांचा रॉड-रीळ जोड दाखवला, वर म्हणाला, "बाससाठी खास आहे, दहा बेअरिंग." शिवाय सव्वाशे नगांचा एक डबा, त्यात रंगीबेरंगी मासे, किडे, बेडूक. डबा पाहून मला बालवाडीची आठवण झाली. काही घेतलं नाही, विचार करून येतो म्हटलं.

बजेट पाच हजार. सामान इथून घेऊन जावं की तिकडेच घ्यावं? इथे सराव करायचा तर कशावर? यादीतलं खरंच लागणारं काय आणि हौसेचं काय? सौ.चं म्हणणं, आधी गुडघ्याचं पाहा. ते वेगळ्या मंचावर विचारीन.

वाइंडिंगवाला

काकाजी नमस्कार. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, कॉटन मार्केटकडे. एप्रिल ते जून मला मरायची फुरसत नसते, अख्ख्या नागपूरच्या कूलरच्या मोटरी एकदमच जळतात. बाकीचे महिने रविवार तलावाचा. आठ वर्षं झाली. पहिल्या वर्षी बारा-तेरा हजार पाण्यात घातले आहेत, म्हणून थोडं अधिकारानं सांगून राहिलो.

पहिले हे समजा की आपल्याकडे बास नाही. तो अमेरिकेचा मासा. पण आपली मरळ पाहा, तिची चाल बरीचशी तशीच. काठाच्या गवतात, कमळाच्या पानांखाली, बुडालेल्या झाडाच्या बुंध्याशी दबा धरून बसायचं आणि पुढ्यातून काही गेलं की झडप. बासचं सामान मरळीला नव्वद टक्के चालते. म्हणजे तुम्ही इथे मरळीवर हात बसवला तर तिकडे नातवासमोर लाज जाणार नाही.

आता यादी. जावईबापूंनी चूक काही लिहिलं नाही, पण ती त्यांची यादी आहे, तुमची नाही. बेटकास्टिंग रीळ आत्ता घेऊ नका. आमच्या धंद्यात बॉबिन मोकळी फिरत राहिली आणि तार पुढे सरकली नाही की काय होते ते मला रोज दिसते. बेटकास्टरचं तेच. फेकताना स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली चकरी, स्वतः फिरते, तुम्हाला अंगठ्यानं तिचा वेग धरावा लागते. अंगठा चुकला की लाइनचं (दोऱ्याचं) चिमणीचं घरटं, आणि ते सोडवण्यात सकाळ जाते. स्पिनिंग रिळाची स्पूल फेकताना जागची हलत नाही, लाइन नुसती वेटोळी सुटत बाहेर जाते. पहिलं रीळ हेच. साइज २५०० किंवा ३०००.

बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. दहा फालतू बेअरिंगांपेक्षा चार चांगली बरी, हे वीज खात्यातल्या माणसाला मी काय सांगू. दुकानात रीळ हातात घ्या, डोळे मिटा आणि हँडल अगदी हळू फिरवा. कुठं अडकते का, खरखरते का, ते बोटाला कळते. हँडल मागे-पुढे हलवा, फार खेळ नको. मग ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरा किती जोरानं सुटू द्यायचा ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, अर्धा कसून दोरा हातानं ओढा. तो एकसारखा सुटला पाहिजे. आधी अडकून मग झटक्यात सुटत असेल तर ठेवून द्या, कारण मोठा मासा त्याच झटक्याला लाइन तोडते.

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम किंवा मीडियम हेवी. मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असते, ते वाचायला चष्मा घेऊन जा. ल्युअरचं (खोट्या आमिषाचं) वजन ७ ते २१ ग्रॅमच्या आसपास आणि लाइन ८ ते १५-१७ पौंड असं काही असेल तर तो तुमचा रॉड. आपल्या दुकानात जाडजूड फायबरचे काळे रॉड भरपूर असतात, "कधीच तुटणार नाही" म्हणून देतात. तुटत नाहीत हे खरं. पण ते कटला-रोहूला कणकेचा गोळा लावून, काठावर रोवून बसायसाठी आहेत. त्यांनी दहा ग्रॅमचा चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) फेकून पाहा, पायापाशी पडते. यादीतलं फास्ट अ‍ॅक्शन म्हणजे वाकताना फक्त वरचा तिसरा हिस्सा वाकते, खालचा कडक राहते. त्यानं नेम धरता येते आणि झटका दिला की तो सरळ गळापर्यंत पोचते. दोन तुकड्यांचाच घ्या, नाहीतर अ‍ॅक्टिव्हावर नेणार कसे?

आणि विकत घ्यायच्या आधी खिशातून थोडा कापूस काढा. कापूस नेलाच पाहिजे, विदर्भाची माणसं आपण. रॉडच्या प्रत्येक कडीच्या आतून बोळा फिरवा. कुठं धागा अडकला म्हणजे आतल्या चकतीला तडा किंवा टोक आहे. तीच जागा पुढं तुमची लाइन कापणार. दुकानदार वैतागते, वैतागू द्या.

आता लाइन, आणि इथं मी जरा जास्त बोलणार. रॉड-रिळात कंजूषी चालते, लाइनमध्ये नाही. तुमच्यासाठी १२ पौंडी साधी मोनो, म्हणजे नायलॉनची एकेरी लाइन. ताणते, म्हणून नवख्या हाताचा झटका माफ करते, स्वस्त असते, गाठ धरते. यादीतली १५ पौंडी फ्लुरोकार्बन लाइन स्पिनिंग रिळावर कडक पडते, स्प्रिंगसारखी उसळून बाहेर येते. हात बसला आणि गवतातली मरळच पाहिजे असं झालं की मग ३० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, भरा. पण ब्रेड भरताना खाली आठ-दहा वेढे मोनोचे द्या. ब्रेड गुळगुळीत स्पूलवर धरत नाही, अख्खा गठ्ठा जागच्या जागी फिरते आणि तुम्हाला वाटते ड्रॅग खराब झाला. मी याच कारणासाठी एक चांगलं रीळ दोनदा खोललं होतं. खोलणं हा माझा धंदाच, पण लाज वाटली.

भरणं म्हणजे वाइंडिंगच. लाइनची विकतची चकती खाली जमिनीवर आडवी ठेवा, लेबल वर. लाइन ओल्या फडक्यातून धरून दहा-पंधरा वेढे घ्या आणि थांबून ढिली सोडा. पीळ पडून वेटोळी व्हायला लागली तर चकती उलटी करा, लेबल खाली. बस. स्पूलच्या ओठापासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरली तर फेकताना एकदम चार वेढे सुटतात, कमी भरली तर दूर जात नाही.

माझा धडा सांगतो. दुकानाचं छत टिनाचं. एका वर्षी मोनो भरलेलं रीळ मे महिनाभर पोटमाळ्यावर राहिलं. नागपूरचा मे, वर टिन, आत काय भट्टी असेल समजा. जुलैत गेलो, पाऊस उघडला होता, तिसऱ्याच फेकीला मरळ फ्रॉगवर (रबरी बेडकावर) आली. पाणी असं फुटलं जणू कोणी विटेचा तुकडा टाकला. मी झटका दिला आणि लाइन शिलाईच्या कुजक्या दोऱ्यासारखी टिचली. आवाजसुद्धा नाही. फ्रॉग ३८० चा होता, त्याचं जाऊ द्या. माशाच्या तोंडात दोन गळ राहिले, ते मला दोन-तीन दिवस खात होतं. तेव्हापासून दर वर्षी मोनो बदलतो आणि रिळं घरात, कपड्यांच्या आलमारीत. बायको बोलते, बोलू द्या.

गाठ एकच शिका, पालोमार. दोरा दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढायचा, साधी गाठ मारायची, त्या फासातून अख्खा गळ काढायचा, थुंकीनं ओला करायचा आणि ओढायचा. कोरडा ओढला की घासून लाइन जळते. टीव्ही पाहता पाहता पन्नास वेळा करा.

ड्रॅग किती कसायचा हे सगळे विचारतात. लाइनच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा. १२ पौंड म्हणजे साडेपाच किलोला थोडं कमी, तेव्हा दीड किलोच्या आसपास. दीड लिटरची पाण्याची बाटली भरा, लाइन तिच्या गळ्याला बांधा, आणि रीळ हातात धरून सरळ वर उचला. बाटली जमिनीवरून सुटता सुटता लाइन हळूहळू सरकली पाहिजे. तराजू नको, काही नको.

सव्वाशे नगांचा डबा घेऊ नका, त्याचे गळ एका रविवारी सरळ होतात. दोन चांदीसारखे चमचे दहा ग्रॅमचे, दोन फिरत्या पात्याचे स्पिनर, एक पोकळ रबरी फ्रॉग, एक पाकीट मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळांचं, त्याला ३/० चे वाकड्या मानेचे ऑफसेट गळ आणि पाच-सात ग्रॅमची गोळीसारखी टोकदार शिसं. टेक्सास रिग म्हणजे हेच शेवटचे तीन, घाबरू नका. नोज प्लायर तुमच्या जुन्या किटमध्ये असेलच, त्यानं सगळ्या गळांचे उलटे काटे दाबून टाका. नातू सोबत राहणार आहे. गळ माशाच्याच तोंडात जाईल याची काही खात्री नसते.

हिशोब: रॉड १,५००, रीळ १,७००, लाइन ३००, बाकी हजार. साडेचार हजारात बसते. उरलेल्या पाचशेत टोपी आणि परतीच्या वाटेवर तर्री-पोहे.

पाण्यावर जायच्या आधी आठ दिवस मैदानात फेका. गळ काढून नुसतं दहा ग्रॅमचं शिसं, पंधरा पावलांवर एक घमेलं. वाजलं पाहिजे.

तलाव कोणता ते इथं लिहीत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी पाय ठेवायला जागा नाही राहायची. काकाजी, तुम्ही मेसेज करा.

बर्डीचा_पोट्टा

एवढा कुटाणा करण्यापेक्षा काका येताना चार बास पिशवीत घेऊन या न. अंबाझरीत सोडून देऊ. घरबसल्या टेक्सास.

वाइंडिंगवाला

हसून राहिला तू, पण जपानमध्ये हेच झालं. १९२५ मध्ये बास नेऊन आशी नावाच्या सरोवरात सोडले. पुढे ते देशभर पसरले, तिथले मूळचे मासे खाल्ले, आणि आता तिथं बास पाळायला आणि सोडायला कायद्यानं बंदी आहे. आपल्याकडे थाई मांगूर या बाहेरून आणलेल्या माशानं जे केलं ते कमी आहे का बे?

धरमपेठची_लेक

काका, मी अकरा वर्षं डॅलसच्या उत्तरेला राहते. नवऱ्याबरोबर सुरुवातीला नुसतं डबा घेऊन बसायला जायचे, आता तो डबा घेऊन बसतो.

नागपूरहून काही नेऊ नका. दोन तुकड्यांच्या सात फुटी रॉडचा एकेक तुकडा साडेतीन फूट, तुमच्या मोठ्यात मोठ्या बॅगेत मावत नाही. वेगळं नळकांडं घेतलं तर त्याचा व्याप. चाळीस-पन्नास डॉलरमध्ये इकडे बऱ्यापैकी स्पिनिंग जोड मिळतो, आणि जावयाच्या गॅरेजमध्ये दोन जास्तीचे पडलेले असणार, लिहून देते. नेलंच काही तर गळ चेक-इन सामानात, हातातल्या बॅगेत नाही.

लायसन्स लागतं. टेक्सासमध्ये १७ किंवा त्याहून जास्त वयाच्या जवळपास प्रत्येकाला, नातवाला नाही. पण स्टेट पार्कमध्ये काठावरून मासे धरायला लायसन्स लागत नाही. तुमची पहिली सकाळ तिथेच करा. मोठ्या तोंडाच्या बासला सर्वसाधारण नियम असा की १४ इंचांपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि दिवसाला पाचच. काही तलावांचे नियम वेगळे असतात. लेक फोर्क म्हणून प्रसिद्ध तलाव आहे, तिथे १६ ते २४ इंचांमधला ठेवताच येत नाही, म्हणजे चांगला वाढलेला मासा परतच सोडायचा. मोजपट्टी सोबत ठेवतात लोक, आणि वॉर्डन खरंच येऊन मोजतात.

तुम्ही येता तो काळ छान आहे. वसंतात पाणी तापलं की बास उथळ पाण्यात येतात, नर शेपटीनं तळाची माती साफ करून घरटं करतो आणि अंड्यांवर, मग पिल्लांवर पहारा देतो. काठावरून दिसतो. तो चावतो भुकेनं नाही, रागानं. धरला तर पटकन तिथेच सोडा, नाहीतर बाकीचे छोटे मासे अंडी साफ करतात.

टेक्सास रिगबद्दल एक. शिशाची गोळी आधी लाइनमध्ये ओवायची, टोक वर, मग गळ बांधायचा. प्लॅस्टिकच्या गांडुळाच्या डोक्यात गळाचं टोक पाव इंच घालून बाजूनं बाहेर काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात लपवायचं. गांडूळ सरळ लोंबलं पाहिजे, सुरवंटासारखं आखडलं तर चुकलं. टोक लपलेलं असल्यामुळे ते गवतातून न अडकता येतं. मी हे शिकताना स्वयंपाकघरात बसून दोन पाकिटं वाया घालवली होती. फेकल्यावर बुडू द्यायचं आणि मग ओढायचं नाही. रॉडचं टोक घड्याळात दहावरून अकरावर न्यायचं, थांबायचं, ढील गुंडाळायची, पुन्हा. माणसं ओढत सुटतात म्हणून त्यांना मिळत नाही. चावा म्हणजे दोनदा टिचकी मारल्यासारखं लागतं, काही वेळा तर तेही नाही, लाइन नुसती बाजूला चालायला लागते.

आणि डॅलसची सवय डॅलसलाच ठेवा अशी एक गोष्ट. बासला खालच्या ओठात अंगठा घालून धरतात, त्याचे दात खरकागदासारखे बारीक असतात, अंगठा फक्त सोलवटतो. हीच सवय घेऊन मरळीच्या तोंडात अंगठा घातलात तर तो रक्तबंबाळ होऊन बाहेर येईल. माझ्या मामेभावाला मौद्याकडे तीन टाके पडलेत.

मामातलाव

मी भंडाऱ्याचा, आता नागपुरात नोकरीला. आमचं घर ढीवराचं, बाबा गावच्या मच्छीमार संस्थेत. वरच्यांनी सामानाचं बरोबर सांगितलं, पण एक कोणीच नाही बोललं.

तलाव कोणाचा आहे ते आधी विचारा. मामा (माजी मालगुजारी) तलाव असो की सिंचनाचा, मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी संस्थेकडे असते. संस्था पैसे भरते, पावसाळ्यात बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) विकत आणून सोडते, वर्षभर राखण करते. मग रविवारी शहरातून कोणी गॉगल लावून येते आणि चार किलोचा कटला गाडीच्या हँडलला लटकवून फोटो काढते. भांडण होणार नाही तर काय? काठावर डोंगा ओढणारा जो माणूस दिसेल त्याला रामराम करा, विचारा, शे-पन्नास म्हणेल तर द्या. मरळीला तर ते खुशीनं हो म्हणतात, कारण मरळ त्यांची बोटुकली खाते. आणि कोणी तोतलाडोहला नेतो म्हणालं तर चक्क नाही म्हणा. पेंच व्याघ्र प्रकल्प आहे तो, तिथं गळ टाकणं गुन्हा.

दुसरं. पावसाळ्यात कधी पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका वर-खाली होताना दिसेल, थाळीएवढा. ती मरळीची पिल्लं. खाली मायबाप असतातच. त्या पुंजक्यावर फ्रॉग टाकला की मरळ हमखास येते, व्हिडिओवाले हेच दाखवतात. टाकू नका. मोठी गेली की तासाभरात सगळी पिल्लं दुसऱ्याच्या पोटात. बाबा एवढ्या वर्षांत जाळ्यात आलेली अशी मरळ सोडून देतात, आणि त्यांना तर त्याचे पैसे मिळाले असते.

जिवंत बेडूक गळाला लावू नका. आपल्याकडचा मोठा बेडूक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो. रबरी आहेच की.

मरळ कुठं आहे हे शोधायला मशीन लागत नाही. तिला वरची हवा घ्यावीच लागते, नुसत्या पाण्यातल्या प्राणवायूवर ती जगत नाही. सकाळी दहा मिनिटं काठावर गप्प उभे राहा, फेकू नका. गवताच्या कडेला "पचक" असा आवाज आणि चार बुडबुडे दिसले की तिथं आहे. ती जागा लक्षात ठेवा, पलीकडे फेका आणि तिच्या समोरून आणा, डोक्यावर नाही.

बाकी खरं सांगू का, आमचा काका वेळूची काठी आणि चाळीस रुपयांच्या तंगूसवर (नायलॉनच्या दोऱ्यावर) तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त धरते. पण त्याला डॅलसला नाही जायचं.

निवृत्त_त्रिमूर्तीनगर

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी असावी. सामान घेतलं. दुसऱ्या दुकानातून. कापसाचा बोळा फिरवायला लागलो तर मालक आधी हसला, मग दुसऱ्या रॉडला तिसऱ्या कडीत खरंच धागा अडकला, तेव्हा गप्प झाला आणि त्यानं स्वतः आतून तिसरा रॉड आणून दिला. सगळे मिळून ४,३८० लागले.

घमेल्याचा प्रयोग कॉलनीच्या मैदानात केला. पहिल्या दिवशी तीस फेकींत एकही वाजलं नाही, एक शिसं मात्र शेजारच्यांच्या शेवग्यावर जाऊन गुंडाळलं. ते काढायला शिडी, शिडी धरायला त्यांचा मुलगा, मग त्यालाही फेकून पाहायचं होतं. आता रोज संध्याकाळी पाच-सहा पोरं जमतात आणि पैजा लागतात. काल तिसात अकरा वाजले. माझी चूक बोटाची होती. लाइन बोटावरून फार लवकर सोडत होतो म्हणून शिसं आभाळात जायचं. रॉड डोक्यावरून पुढे येऊन समोरच्या गच्चीच्या उंचीला आला की सोडायची, हे कळल्यावर सुधारलं.

बाटलीचं सौ.नी पाहिलं. मी दिवाणखान्यात रीळ हातात घेऊन दीड लिटरची बाटली वर-खाली करत होतो. काही बोलल्या नाहीत, मुलीला फोन लावला.

रविवारी वाइंडिंगवाल्या भाऊंबरोबर तलावावर गेलो. संस्थेचे एक गृहस्थ भेटले, आधी रामराम केला, चहा पाजला, ते म्हणाले मरळ न्या बिनधास्त, रोहूला हात लावू नका. दहा मिनिटं गप्प उभा राहिलो. "पचक" ऐकू आलं, हे मी शपथेवर सांगतो. तिच्या पलीकडे स्पिनर टाकला, म्हणजे टाकायचा होता, पडला अलीकडे. चौथ्या की पाचव्या फेकीला भाऊंनी माझ्या हातात फ्रॉगवाला त्यांचा रॉड दिला. पाणी फुटलं आणि मी त्याच क्षणी ओढलं. फ्रॉग कानाजवळून मागे गेला. भाऊ म्हणाले, "काकाजी, मनात 'एक' म्हणायचं, लाइन ताणू द्यायची, मग ओढायचं." ते आधी लिहायला विसरले होते, असं त्यांनी कबूलही केलं. सबस्टेशनमध्ये चाळीस वर्षं ट्रिप दिसली की हात आधी जायचा, डोकं मागून. ती सवय आता 'एक' म्हणायला तयार नाही.

मग चमच्यावर एक चिलापी आली, तळहाताएवढी. बांबूच्या काठीवर आली असती तर उचलून मागे फेकली असती. या रॉडवर तिनं टोक असं थरथरवलं की हातातून खांद्यापर्यंत गेलं. फोटो नातवाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "आबा, हा बास नाही."

ताई, तुमचं ऐकून इथून फक्त प्लायर, टोपी आणि पालोमार गाठ घेऊन चाललो आहे. गाठ अजून तीनात एकदा उलटी पडते. भाऊ, येत्या रविवारी साडेपाचला रहाटे कॉलनी चौकात उभा राहतो, फ्रॉग आणि ब्रेड तुमचा, पोहे माझे.